१३ फिनचा हीटर आणि १४ फुटांचं छत

हा ऑइल हीटर घेतल्याला येत्या डिसेंबरात तीन वर्षं होतील. घ्यायच्या आधी मी पंधरा-वीस रिव्ह्यू वाचले होते. त्यातले निम्मे "खोका छान होता, वेळेत आला" अशा थाटाचे. तेव्हाच ठरवलं, आपण लिहायचं तर वापरून, बिलं भरून आणि एकदा तरी बिघडल्यावरच लिहायचं. आता तिन्ही झालं आहे. कंपनीचं आणि दुकानाचं नाव देणार नाही, कारण माझं भांडण कोणा एका कंपनीशी नाही. बरीचशी चूक माझीच होती, ती पुढे येईलच.

आम्ही ग्वाल्हेरला, लष्करात राहतो. महाराज बाड्यापासून, म्हणजे इथल्या मुख्य बाजारचौकापासून, पायी दहा मिनिटं. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे छावणी टाकली, ती पुन्हा उठलीच नाही, म्हणून वस्तीचं नाव लष्कर. आमचा वाडा त्याच्या पुष्कळ नंतरचा, पण बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मे महिना होता हे पावलोपावली कळतं. दोन हात जाड दगडी भिंती, मधे चौक, माडीवर १४ फुटांचं छत, वर रोशनदानं. मे-जूनमध्ये बाहेर ४५ डिग्री असताना आत येणारा माणूस "अहाहा" म्हणतो. त्या "अहाहा"ची परतफेड आम्ही जानेवारीत करतो.

पुण्याची नणंद फोनवर हसते. "वहिनी, आमच्याकडेही ८-९ होतं, आम्ही नाही बाई हीटर घेत." अगं, तुमच्याकडे रात्री ८ होतं, पण दुपारी २८ होतं. भिंती दिवसभर शेकून निघतात. इथे जानेवारीत धुकं बसलं की तीन-तीन, चार-चार दिवस ऊन दिसत नाही. भर दुपारी दोनला १२-१३, रात्री ४-५. दगडात गारठा एकदा मुरला की भिंतीला पाठ टेकवत नाही, हौदातल्या पाण्यासारखी लागते. इथले लोक याला थंडी म्हणतच नाहीत, "गलन" म्हणतात, आणि आम्ही मराठी माणसंही तोच शब्द वापरतो, कारण हाडं विरघळल्यासारखं वाटणं एका शब्दात सांगणारं दुसरं काही आपल्याकडे नाही.

हीटर घेतला तो सासूबाईंसाठी (मी त्यांना आईच म्हणते). त्यांचं वय ८४, मधुमेह, गुडघे गेलेले, आणि पावलांना गरम-गार कळणं बरंच कमी झालेलं. रजईत त्यांना काही त्रास नव्हता. तीन किलो रुईची रजई आहे, दर दोन वर्षांनी पिंजून पुन्हा भरून आणतो. प्रश्न रजईबाहेरचा होता. रात्री दोन-तीनदा उठायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, बाथरूमपर्यंत जायचं. परत आल्या की अर्धा तास हुडहुडी थांबायची नाही. पहाटे चारला त्यांच्या दातांचा आवाज पलीकडच्या खोलीत मला ऐकू यायचा (त्यांचे दात अजून स्वतःचे आहेत, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात).

आधी आमच्याकडे काय होतं, ते सांगते.

पहिली कोळशाची शेगडी. मी लग्न होऊन आले तेव्हा वाड्यात तीच होती. संध्याकाळी चौकात पेटवायची, धूर जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की उचलून आत. भोवती बसून शेंगा आणि रताळी भाजायची. आठवणीत फार सुंदर. पण लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, पाहुणे असल्याने आम्ही पाच बायका एका खोलीत निजलो, दार लावून, शेगडी आत ठेवून, आणि शेजारी रिवाजाप्रमाणे पाण्याचं घमेलं. पहाटे सगळ्यांचं डोकं ठणकत होतं, मोठ्या जाऊबाई उंबऱ्यातच ओकल्या. मामंजींनी सगळी दारं उघडली. दोष गेला आदल्या रात्रीच्या भरताला. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त चिकटतो. धूर गेला म्हणजे कोळसा "शुद्ध" झाला असं आपण समजतो, पण राखेखाली धुमसणारा निखाराच तो वायू सोडत असतो. आणि पाण्याचं घमेलं त्याचं काहीही वाकडं करू शकत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्या वाचताना मला ते भरीत आठवतं. आमची शेगडी आता चौकातच असते. तिथून तिला आत यायची बंदी आहे.

दुसरा, दोन कांड्यांचा क्वार्ट्झ हीटर. ४०० वॅटची एक कांडी, दोन्ही लावल्या की ८००. तेव्हा हजार-बाराशेला मिळाला होता. याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी ठेवणार नाही. तो हवा तापवत बसत नाही, समोरच्या माणसाला थेट शेक देतो. पूजेला बसलात, आंघोळीनंतर केस पुसताय, वीस मिनिटांचं काम आहे, तर याच्याइतकं स्वस्त आणि चटकन ऊब देणारं काही नाही. पण भाकरी एकाच बाजूने भाजल्यासारखं होतं. समोरून खरपूस, पाठ कच्ची. आईंच्या शालीचे गोंडे एकदा तांबूस झाले तेव्हा मी घाबरले. मग डॉक्टरांनी सांगितलं की ज्यांच्या पायांना भाजलेलं कळत नाही त्यांच्यासमोर हा ठेवूच नका. त्याच कारणाने गरम पाण्याची पिशवी आणि इलेक्ट्रिक ब्लँकेटही बाद. वीज फारच कमी लागते, ब्लँकेट १०० वॅटच्या आसपासचं असतं, म्हणून माझ्या अंथरुणात ते आहे. निजायच्या आधी तासभर लावते, रजईत शिरताना बंद करते. तरण्या माणसाला खोली तापवायची गरजच नाही, अंथरूण तापवा. मी ६३ ची आहे, या बाबतीत स्वतःला तरणी धरते.

तिसरा ब्लोअर. २००० वॅट, आवाज पिठाच्या गिरणीचा. लावल्याबरोबर गरम, बंद केल्याबरोबर गार, आणि वाड्यातली शंभर वर्षांची धूळ नाकात. आईंनी दोन रात्रींत हाकलला. पुढे जाते.

चौथा आमच्या घरी नाही, मुलाच्या फ्लॅटमध्ये आहे. तो सिटी सेंटरला राहतो. त्याने हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी घेतलाय. खरं सांगायचं तर फ्लॅटमध्ये राहत असते तर मीही डोळे मिटून हाच घेतला असता. बाकीचे सगळे हीटर, कांडीचे काय, तेलाचे काय, एक युनिट वीज खाऊन एक युनिटाचीच उष्णता देतात. त्यात कोणी कोणापेक्षा "जास्त बचत" करत नाही, दुकानदार काहीही म्हणो. हा एसी मात्र वीज जाळून उष्णता करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. बाहेर जितकी थंडी जास्त तितकं हे गणित उतरतं. दाट धुक्याच्या रात्री बाहेरच्या यंत्रावर बर्फ धरतो, तो वितळवायला एसी मधेच पाच-सात मिनिटं फुंकायचं थांबतो. सूनबाईला वाटलं होतं बिघडला. तक्रारही करून झाली होती. आमच्याकडे तो लागला नाही, कारण एसी वर लागतो, गरम हवाही वरच जाते, आणि १४ फुटांच्या छताखाली ती खाली उतरेपर्यंत उन्हाळा येईल. शिवाय आईंना अंगावर वारा म्हटलं की, गरम असला तरी, वात होतो.

म्हणून ऑइल हीटर.

बाड्याजवळच्या एका दुकानात गेलो. हे आणि मी. तिथे ९, ११ आणि १३ फिनचे (फिन म्हणजे हीटरचे उभे पत्रे) मांडले होते. दुकानदार म्हणाला, "मैडम, जितने ज़्यादा फिन, उतनी ज़्यादा गर्मी." हे वाक्य ऐकून मी ११,५०० रुपये मोजले. ते वाक्य चूक आहे. गरमी वॅटवर ठरते. ११ आणि १३, दोन्हींवर २५०० वॅटच लिहिलं होतं, म्हणजे दोघांची उष्णता तितकीच. फिन जास्त म्हणजे तीच उष्णता जास्त पत्र्यावर पसरते, त्यामुळे पत्रा जरा कमी तापतो. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत त्याचा फायदा आहे, हात लागला तरी चटका कमी. पण त्याने ते तसं सांगितलं नव्हतं. माझ्या यंत्राला मागे ४०० वॅटचा छोटा पंखा-हीटरही आहे, म्हणून खोक्यावर २९०० वॅट. (दहा दिवसांनी ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरला, तिथे हाच ९०० रुपयांनी स्वस्त होता. ग्वाल्हेरकराने डिसेंबरात मेळ्याआधी काही विकत घेऊ नये हे मला जन्मापासून माहीत होतं.)

घरी आणल्यावर कामवाल्या ताईंचा पहिला प्रश्न, "इसमें कौन सा तेल डलेगा, सरसों का?" काहीही घालायचं नसतं. तेल आत कायमचं बंद असतं, जळत नाही, संपत नाही. आतली कॉइल तेल तापवते, तेल पत्रा तापवतं, पत्रा हवा. म्हणून तो तापायला वीस मिनिटं ते अर्धा तास घेतो, आणि बंद केल्यावर तितकाच वेळ ऊब सोडत राहतो. ज्यांना बटण दाबताच ऊब हवी त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या दिवशी रंगाचा वास येतो, तो गच्चीचं दार उघडं ठेवून तासभर चालवला की जातो. तापताना आणि निवताना टक्, टक् असा पत्र्याचा आवाज येतो. आई पहिल्या रात्री म्हणाल्या, "पाल चुकचुकतेय का गं?"

आता वाड्यात राहणाऱ्यांसाठी एक, जे कुठल्याच रिव्ह्यूत वाचलं नव्हतं. याला खाली चाकं असतात आणि जाहिरातीत बाई एका बोटाने ढकलत या खोलीतून त्या खोलीत नेते. त्या बाईच्या घरात उंबरे नाहीत. आमच्याकडे माडीच्या खोलीपासून खाली स्वयंपाकघरापर्यंत पाच उंबरे आणि सतरा पायऱ्या आहेत, आणि हे धूड तेरा किलोच्या घरात. दोन माणसांनी धरून न्यावं लागतं. शिवाय आमची फरशी दगडी चिऱ्यांची, सांध्यात चाक अडकतं, हीटर जरा कलला की पडल्याचं समजून सुरक्षेचं बटण त्याला बंद करतं. बटण चांगलंच आहे, माझी तक्रार फरशीशी आहे. पण पहिल्या आठवड्यात दोनदा मध्यरात्री तो गप्प झाला आणि आम्हाला कळलंच नाही.

पहिला हिवाळा माडीवर. आईंची खोली १६ बाय १४, छत १४ फूट. रात्री नऊला लावायचा, पूर्ण वॅटवर. सकाळी आई म्हणायच्या, "बरं आहे, तुम्ही आणलंय तर बरंच असणार." सासूबाईंना ओळखणाऱ्याला यातली मेख कळते. मी तीनशे रुपयांचं एक छोटं डिजिटल थर्मामीटर मागवलं. सरकारी ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर आयुष्य गेलंय, आकडा पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. लावताना खोलीत ११ डिग्री. दोन तासांनी पलंगाच्या उंचीवर साडेतेरा. मग ह्यांना स्टुलावर चढवलं आणि तेच थर्मामीटर कपाटाच्या डोक्यावर ठेवायला लावलं. पंधरा मिनिटांनी १९! म्हणजे साडेअकरा हजारांचा हीटर आम्ही जुन्या ट्रंका आणि कोळ्यांच्या जाळ्यांसाठी घेतला होता. भाच्याने सुचवलं, मामी, पंखा अगदी हळू लावा, गरम हवा खाली येईल. लावला. आईंनी रजईतून फक्त डोळे काढून पंख्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पंखा बंद केला.

त्यात व्होल्टेज. आमच्या गल्लीत हिवाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे गीझर-हीटर एकदम लागतात आणि व्होल्टेज १९० वर येतं. २३० च्या जागी १९० म्हणजे सहाव्या हिश्श्याने कमी, तर उष्णताही तितकीच कमी होत असेल असं वाटतं. तसं नाही, ती वर्गाच्या हिशेबाने घटते. २५०० वॅटचा हीटर तेव्हा १७०० वॅटचाच असतो. खोक्यावर हे लिहायला हवं.

आणि त्यात प्लग. हे नीट वाचा. २९०० ला २३० ने भागलं तर साडेबारा अँपियर येतात. जुन्या घरातले साधे, बारीक भोकांचे सॉकेट ६ अँपियरचे असतात. त्यावर साधारण १४०० वॅटच्या वर काही लावायचंच नसतं. हीटरचा प्लग जाड पायांचा असल्यामुळे तो त्यात जात नाही, ही कंपनीने केलेली सोय आहे. आम्ही काय केलं? बाजारातून जोडणारा अॅडाप्टर आणला आणि एक्स्टेन्शन बोर्डावर लावला. तिसऱ्या रात्री मला जळका वास आला. बोर्ड उलटा केला तर पांढरं प्लास्टिक मधोमध चहाच्या रंगाचं झालेलं, आणि प्लगचा एक पाय निळसर. हात लावला, चटका बसला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, बोर्ड हातात घेऊन म्हणाला, "आंटी, ये तो आपने घर जलाने का पूरा इंतज़ाम कर रखा था." त्याने मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी, जाड वायर ओढली, १६ अँपियरचं सॉकेट आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवला. २,२०० रुपये. हा खर्च हीटरच्या किमतीतच धरा आणि हीटर घरात येण्याआधी करा. खोक्यावर आयएसआयचा शिक्का बघा, पण तो शिक्का तुमच्या भिंतीतल्या वायरीला लागू नाही.

त्या जानेवारीत तीन आठवडे माडीवर वापरला, बिल चार हजारांच्या वर आलं. ह्यांनी ते बिल देवघरात ठेवलं. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर मी नवा हीटर शोधत होते. मोठा, अजून जास्त वॅटचा. यादी करत बसले होते कोठीच्या खोलीत, कारण तिथे बरं वाटत होतं. बसल्या बसल्या लक्षात आलं की मी स्वेटर काढून ठेवलाय.

ही खोली देवघराशेजारी, खालच्या मजल्यावर. पूर्वी इथे धान्याच्या कणग्या, तांब्याचे हंडे, घंगाळं, लोणच्याच्या बरण्या असायच्या. ९ बाय १०. वर माळा असल्यामुळे छत साडेआठ फुटांचं, लाकडी. तीन बाजूंच्या भिंती घराच्या आतल्याच, बाहेरचा वारा लागतच नाही. कागदावर गुणाकार केला. माडीची खोली ३,१३६ घनफूट, ही ७६५. चौपटीचा फरक. आणि मी मोठा हीटर शोधत होते.

आईंना पटवणं हे हीटर निवडण्याहून अवघड गेलं. "माझी दोन्ही बाळंतपणं माडीवरच्या खोलीत झाली. आता मी कोठीत निजू? धान्याचं पोतं आहे का मी?" मी म्हटलं, आई, फक्त संक्रांतीपर्यंत. देवघर उशाशी, बाथरूम सहा पावलांवर, पायऱ्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची जपमाळ आणि चष्म्याचं घर खाली आणून ठेवलं. त्यावरून समजायचं.

त्या खोलीत हाच हीटर वेगळाच निघाला. १३ वरून १९ डिग्रीला चाळीस मिनिटांत पोचतो आणि मग "टक" करून स्वतः बंद होतो. थोड्या वेळाने पुन्हा लागतो, पुन्हा बंद. थर्मोस्टॅट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, कारण माडीवर तो कधी बंद व्हायच्या पाळीपर्यंत पोचलाच नव्हता. प्लगमध्ये लावायचं वीज मोजणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते लावून मी आठ रात्री वहीत टिपलं. नऊ ते सहा, सरासरी साडेसहा युनिटं. माडीवर तेवढ्याच तासांना १८ लागायची. आई रात्री उठतात, जाऊन येतात, परत झोपतात. दातांचा आवाज नाही.

बिलाचं मात्र आमच्या मध्य प्रदेशातलं एक गणित आहे, इथल्या लोकांनी ते आधी करावं. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांच्या आत राहिलात तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत. आम्ही तीन माणसं, हिवाळ्यात एसी नाही, गीझर गॅसचा, १३५ च्या आसपास असतो, बिल चार-पाचशे. हीटरची १९५ युनिटं त्यात पडली की आपण १५० ओलांडतो आणि सवलत पूर्ण जाते, आधीच्या १३५ वरचीही. त्या महिन्याचं बिल सत्तावीसशेच्या आसपास आलं. म्हणजे हीटरमुळे वाढले बावीसशे, युनिट अकरा रुपयांच्या वर पडलं. "अहो, सात-आठ रुपये युनिट" असं कोणी सांगितलं तर त्याला विचारा, तुझी सवलत गेली का? तरीही, दीड महिन्यासाठी हा खर्च मला मंजूर आहे. डॉक्टरचं एक बिल यापेक्षा मोठं असतं.

घसा कोरडा पडतो ही आईंची तक्रार खरी निघाली. शेजारच्या काकू म्हणतात हीटर ऑक्सिजन खातो. विजेचा हीटर काहीही जाळत नाही, तो ऑक्सिजन कुठून खाणार? पाणीही तो पीत नाही. हवेत ओल तेवढीच असते, पण गरम हवेची तहान मोठी, तिला ती पुरत नाही. थर्मामीटरवर दमटपणा दिसतो, तो लावताना ८० टक्क्यांच्या आसपास असतो, खोली १९-२० ला आली की ५०-५५ वर. वाटीभर पाण्याने काही होत नाही, मी दोरीवर एक ओला पंचा टाकते. दोरीवर, हीटरवर नाही! हीटरवर मोजे वाळवायचा मोह प्रत्येकाला होतो, ह्यांनाही झाला होता. झाकला की तो आतल्या आत तापत जातो.

आता बिघाड. दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, थर्मोस्टॅट अडकला. बंदच होईना. पहाटे खोली २७ डिग्री, आई पातळाच्या पदराने वारा घेत बसलेल्या. वॉरंटी संपून आठ दिवस झाले होते, अर्थातच. कंपनीला फोन केला, "४८ तासांत आमचा माणूस संपर्क करेल." नवव्या दिवशी माणूस आला, टॉर्च मारून आत पाहिलं, पार्ट लागेल म्हणाला, सीझनमध्ये पार्ट नसतो म्हणाला. मी विचारलं, भैया, हीटरचा पार्ट सीझनमध्ये नाही तर मे महिन्यात लागतो का? तो हसला. चांगला मुलगा होता, चहा घेऊन गेला. पार्ट आला तेव्हा तिळगूळ वाटून झाला होता. ८५० रुपये. मधले दिवस मी अलार्म लावून उठत होते, एकला बंद, तीनला सुरू. म्हणून सांगते, ऑक्टोबरात एकदा तासभर लावून बघा, बंद होतोय का, सुरू होतोय का. आणि घेताना दुकानदाराला फिनांबद्दल विचारू नका, गावात दुरुस्ती कुठे होते ते विचारा.

तारे द्यायची पद्धत आहे म्हणून देते. माडीवर पाचपैकी दीड. कोठीत चार. अर्धा थर्मोस्टॅटचा कापला, अर्धा त्या आखूड वायरीचा. जेमतेम दीड मीटर वायर आहे आणि एक्स्टेन्शन लावायचं नाही, म्हणजे सॉकेट जिथे तिथेच हीटर, आणि हीटर जिथे तिथेच पलंग.

संक्रांत होऊन गेली, पुढची आली, आई अजून कोठीतच आहेत. हीटरही तिथेच. पाच उंबरे पार करून त्याला माडीवर चढवायला दोन माणसं लागतात, त्यातल्या एका माणसाची कंबर गेल्या वर्षीपासून दुखते. उन्हाळ्यात त्यावर आईंनी जुनं धोतर घालून वर कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली, खोली शेवटी कोठीचीच. गेल्या नोव्हेंबरात मी बरणी उतरवली, धोतर काढलं, बटण लावलं आणि घरभर मोहरीच्या तेलाचा वास सुटला. कामवाल्या ताई म्हणाल्या, "देखा? मैंने कहा था ना, सरसों का."